रावजीकाकांची शनिवारची बाटली

१५ नोव्हेंबर १९९९

दिवाळीचा फराळ संपला आणि नोकरी लागली. लिमये डॉक्टरांच्या दवाखान्यात मागे औषधांची खोकी ठेवायची खोली होती, ती रिकामी करून मला दिली आहे. एक टेबल, दोन खुर्च्या आणि फिरताना कण्हणारा पंखा. दारावर पाटी, 'मधुमेह मार्गदर्शन'. आईने विचारलं, "पाटीवर तुझं नाव कुठंय?" म्हटलं, येईल गं, आधी पेशंट तर येऊ देत.

डॉक्टर उन्मेष लिमये माणूस भला. पण मी पुण्याला जे शिकून आले त्यावर त्यांचा विश्वास बेताचाच. "पेशंटला विचारायचं, तुम्हाला काय करायचंय? अहो मृणाली, आमच्या पेशंटला विचारलंत तर तो म्हणेल, आमरस खायचाय!" स्वतःच हसले. मी नाही हसले. म्हटलं, "सर, ओरडून काय होतं ते मी घरात बघितलंय."

बाबांना सगळ्यांनी ओरडूनच मारलं. साखर वाढलीच कशी, खाल्लंत ना गुपचूप, लाज नाही वाटत? बोटीच्या इंजिनात जन्म घालवलेला माणूस, दवाखान्यात शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून बसायचा. मग जाणंच बंद केलं. मग अंगठा काळा पडला, मग पाय गेला, मग बाबा गेले. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते.

मी कुणाला ओरडणार नाही. जन्मात नाही.

२० नोव्हेंबर, शनिवार

माझे पहिले पेशंट कोण, तर आमचे रावजीकाका! आमच्या वाडीतच तिसरं घर त्यांचं. बाबा आणि ते वर्षानुवर्षं एकाच बोटीवर, बाबा इंजिनात, काका डेकवर. बाबांना ते 'बाळा' म्हणायचे. बाबा गेल्यावर आमची कौलं परतायला दरवर्षी तेच चढतात. पुण्याला मला सोडायला एसटीने तेच आले होते. त्यांना मूलबाळ नाही. बरोबर मथुराकाकू होत्याच. ही दोघं एकेकटी कुठे दिसायची नाहीत.

काकांना साखर आठ वर्षं. गोळ्या आठवल्या तर. पावलं पार बधिर. "वहाण पायात आहे का निसटली, ते खाली वाकून बघावं लागतं गो," असं हसत हसत सांगतात.

माझ्यासमोर मात्र अवघडून बसले. "काय ते सांगून टाक. भात बंद ना? कर बंद."

"मी काही बंद करणार नाही काका. तुम्ही सांगा. बरं वाटायला लागलं तर काय करावंसं वाटतं तुम्हाला?"

"मला?" काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी छताकडे. असा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नसणार.

मग अर्धा तास इकडचं तिकडचं. बोटीवरचा खानसामा, बाबांचं पत्त्यांत चिडणं, यंदा बांगडा कसा नाही. मी मुकाट ऐकत होते. गप्प बसणं मला किती जड जातं ते आमच्या आईला विचारावं! शेवटी काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शिमग्याला पालखीला खांदा द्यायचाय. दोन वर्सं सहाणेच्या चौथऱ्याच्या कडेला बसतंय मी, म्हाताऱ्यांत. देव नाचतो नि मी बघतंय."

 पुण्याला आम्हाला सांगितलं होतं, माणसाचं स्वतःचं असं काही सापडलं की बाकी सगळं आपोआप येतं. आलं की! काकांनी स्वतःच ठरवलं, रोज धक्क्यापर्यंत चालायचं, भाताची एकच मूद, गोळी चुकवायची नाही, दर शनिवारी लघवी तपासायला आणायची. पायांसाठी मऊ रबराच्या वहाणा मी मुंबईहून मागवणार.

डॉक्टर म्हणाले, "बघू या." म्हणा, बघाच.

२७ नोव्हेंबर, शनिवार

काकांची पहिली बाटली. निळं औषध नळीत घेतलं, थेंब टाकले, उकळलं. साखर नसली तर निळं ते निळंच राहतं. हे आधी हिरवं, मग पिवळं, मग विटकरी झालं. आठवडाभर नियम पाळून विटकरी!

मी एक अक्षर बोलले नाही. ओरडणं तर लांबच. नळी खाली ठेवली, खिडकीशी गेले आणि डोळे पुसले. बाबांची आठवण आली, दुसरं काय. वळले तर काका माझ्याकडेच बघत होते. म्हटलं, "काका, काही हरकत नाही. आपण बघू या पुढच्या शनिवारी." त्यांनी उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू नको गो जिवाला लावून घेऊ. होईल सगळं नीट."

बघा, पेशंटच मला धीर देतोय.

४ डिसेंबर, शनिवार

निळी! दोनदा तपासली. नळी घेऊन पळत डॉक्टरांच्या खोलीत गेले, समोर पेशंट आहे हेही भान नाही.

डॉक्टर म्हणाले, "एका आठवड्यात?"

किती ती असूया माणसाला. इतकी वर्षं ह्यांनी ओरडून जे झालं नाही ते नुसतं नीट विचारल्याने झालं, ते पचायला जड जाणारच. परत आले तर काका हसत होते आणि मथुराकाकू पिशवीतलं फडकं घडी करत होत्या. बाटली आणायचं काम काकूंचं. काका हात लावत नाहीत, लाजतात.

१९ डिसेंबर

आज रविवार, काका सहज घरी आले होते. आईने चहा ठेवला तर म्हणाले, "माझ्यात साखर नको हां, डॉक्टरीण बसलीय समोर." केवढं हसलो आम्ही! पाणी मात्र दोन तांबे प्यायले. चालून आले होते.

ते गेल्यावर आई म्हणाली, "रावजी किती सुकलाय गं. गळ्याची हाडं दिसायला लागली."

म्हटलं, "आई, ह्याला वजन आटोक्यात येणं म्हणतात." आईला माणूस गुटगुटीत असला तरच बरा वाटतो. तिने तोंड वाकडं केलं आणि भाकऱ्या थापायला गेली.

१५ जानेवारी २०००, शनिवार

आज डॉक्टरांशी वाजलं. काकांचं वजन बघून म्हणाले, "फार उतरलंय. रक्त तपासू या."

मी म्हटलं, "सर, दर शनिवारी निळी येतेय. आता रक्त काढायचं म्हणजे त्यांना तोंडावर सांगायचं, की तुमच्यावर आमचा भरवसा नाही. मग मी इतके दिवस केलं ते काय?"

"भरवशाचा प्रश्न नाही हो, रक्ताचा आहे."

"माझ्या पेशंटांचं मी बघेन असं तुम्हीच सांगितलंत."

जरा आवाज चढला माझा.  डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे, शिमगा होऊ दे. त्यानंतर मात्र मी ऐकणार नाही." जिंकले! बाहेर काका-काकू बाकावर बसले होते. त्यांना आतलं सगळं ऐकू आलं असावं. काका म्हणाले, "माझ्यापायी सायबाशी नको भांडू गो." मी म्हटलं, "तुमच्यासाठी नाही भांडणार तर कुणासाठी?"

काकूंनी डोळ्याला पदर लावला. भारीच हळव्या.

१३ फेब्रुवारी

चिपळूणला डॉक्टर मंडळींची सभा होती, तिथे आमच्या दवाखान्याची माहिती द्यायची म्हणून लिमये डॉक्टर मला घेऊन गेले. आणि काकांनाही! माझीच कल्पना. नको नको म्हणत होते, पण मी हट्ट धरल्यावर आले. इस्त्रीचा सदरा, टोपी. वाटेत गाडी तीनदा थांबवावी लागली त्यांच्यासाठी, ड्रायव्हर कुरकुरायला लागला. वय झालं की होतं असं. काका बिचारे शरमून गेले.

व्यासपीठावर मात्र काय बोलले! "मी खलाशी माणूस. मला लई डॉक्टर भेटले, सगळे वरडले. ही पोर वरडली नाय. हिनं विचारलं, काका तुम्हाला काय पायजे. आता हिच्यासाठी मी काय बी करीन." टाळ्याच टाळ्या. एका मोठ्या डॉक्टरीणबाईंनी माझा हात हातात घेतला. पेढे फिरवले तेव्हा काकांनी ताट नमस्कार करून पुढे सरकवलं, त्यालाही टाळ्या.

लिमये डॉक्टर परतताना म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुमचं नाव पाटीवर लावू या." खोटं कशाला लिहू, बाबांची फार आठवण आली. त्यांच्यासाठी मला जे करता आलं नाही ते मी काकांसाठी केलं.

मागच्या सीटवर काका तोंड उघडं टाकून झोपले होते. मथुराकाकू जाग्या होत्या, पण अख्ख्या वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. गाडी लागली असेल.

२१ मार्च

काय लिहू! 

काल रात्री होम लागला, गाऱ्हाणं झालं, सगळ्या वाडीने 'व्हय म्हाराजा' म्हटलं, ढोल सुरू झाले आणि रावजीकाकांनी पालखीला खांदा दिला. माझे रावजीकाका! डोक्याला फेटा, कपाळभर गुलाल. तरण्या पोरांबरोबर सहाणेवर पालखी नाचवली. दोघा-तिघांनी मधेच खांदा सोडला, काकांनी नाही सोडला. लोक म्हणत होते, रावजीच्या अंगात कुठनं आलं हे. मला माहीत होतं कुठनं आलं. मी बायकांत उभी राहून ढसाढसा रडले. आईसुद्धा रडली.

सहाणेच्या पायरीखाली सगळ्यांच्या वहाणांचा ढीग पडला होता. त्यात मी मुंबईहून मागवलेल्या काळ्या रबरी वहाणा एका बाजूला नीट जोडून ठेवलेल्या. काकांची शिस्त! त्या बघूनही मला भरून आलं.

आज पालखी आमच्या दारी आली. आईने ओटी भरली. पालखी गेल्यावर सारवलेल्या अंगणात पावलंच पावलं उमटली होती. एक उजवं पाऊल तांबडं, दर दोन हातांवर. आई म्हणाली, "हे काय गं?" म्हटलं, गुलालात पाय पडला असेल कुणाचा.

आयुष्यात एवढी खूष मी कधी झाले नव्हते.

२५ मार्च, शनिवार

बाटली घेऊन मथुराकाकू एकट्याच आल्या. "दमलेत ते. इतक्या वर्सांनी नाचले ना." बाटली निळी. म्हटलं, काकांना सांगा आता नवीन काहीतरी ठरवू या. काकूंनी मान हलवली. चहा ठेवते म्हटलं तर थांबल्याच नाहीत.

डॉक्टरांनी रक्ताची आठवण केली. सांगितलं, काका आले की लगेच.

१ एप्रिल, शनिवार

आजही काकू एकट्या. आजही निळी. संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या घरी गेले तर काकू अंगणातच आडव्या आल्या. "झोपलेत गो. ताप आलाय वाईच." म्हटलं, बघते ना. "नको, आत्ताच डोळा लागलाय." माझा हात धरून मला अंगणाच्या गडग्यापर्यंत पोचवलं. घरातून उदबत्त्यांचा भपकारा येत होता. शिमग्याची पूजा अजून चाललीय वाटतं.

८ एप्रिल, शनिवार

सकाळी दहाला काकूंनी बाटली आणून दिली. निळी. साडेअकराला वाडीतल्या चौघांनी काकांना रिक्षातून उचलून दवाखान्यात आणलं. शुद्ध हरपत होती. उजव्या पावलाला जुनेराच्या घड्यांवर घड्या बांधलेल्या. डॉक्टरांनी त्या सोडल्या आणि वासाने खोलीतले सगळे मागे सरकले.

तळव्याला एवढी भोकशी. कडा काळ्या. होमातला निखारा असेल नाहीतर जांभ्या दगडाची कपची. काकांना कळलंच नव्हतं.

रक्तातली साखर साडेचारशेच्या वर. माझ्या टेबलावर सकाळची नळी तशीच होती. निळीशार.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "अनवाणी होते का?"

मी म्हटलं, "सर, देवापुढे वहाणा घालून जातं का कुणी?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. काय विचारायचं ते तरी कळावं माणसाला! मग सर्जनना फोन करायला गेले.

मी मथुराकाकूंना माझ्या खोलीत घेतलं आणि दार लावलं. "काकू, बाटलीत कुणाची होती?"

"माझी."

"कधीपासून?"

"तू रडलीस ना, त्याच्या पुढच्या शनवारपासून."

 काकू भिंतीला टेकून सांगत होत्या, डोळ्यांतून पाणी, पण आवाज एकसारखा. "पयली बाटली खरी होती गो. ती लाल झाली नि तू खिडकीत जाऊन रडलीस. घरी आले ते जेवलेच नाहीत. म्हणाले, बाळाची पोर माझ्यापायी रडली. एवढी शिकून आली, पयलाच पेशंट मी, नि तिचं तोंड पडलं. म्हणाले, ह्या वख्ताला तुझी दे. मी पुढच्या खेपेपर्यंत नियम पाळतो. पाळले गो त्यांनी. धक्क्यावर जायचे रोज. पण साखर काय हटेना. नि तू किती खूष. मग सांगायचं कसं?"

"आणि पाय? पाय कुजत होता तेव्हा?"

"म्हणाले, तिला कळलं तर तिची पाटी लागायची नाय."

मी ओरडले. होय, ओरडले. बाहेर रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेलं असेल. केसाने गळा कापलात माझा, म्हटलं. दर शनिवारी समोर बसून, हसून, डोक्यावर हात ठेवून! परका कुणी असता तर एक वेळ समजले असते. पण बाबांचा मित्र? चिपळूणला शंभर डॉक्टरांसमोर मला उभं केलंत, ते काय नाटक होतं? काकू नुसत्या हात जोडून उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुझं मन मोडवलं नाय गो."

मन मोडवलं नाही म्हणे! आता काय केलंत मग?

९ एप्रिल

अंगाची नुसती लाही लाही होतेय. जेवण गेलं नाही. आई म्हणते, "त्याने तुझ्यासाठीच केलं ना?" म्हणजे आईसुद्धा त्यांच्याच बाजूची. मी चार महिने एक शब्द टोचून बोलले नाही, सगळं त्यांच्या मर्जीने होऊ दिलं. ह्याहून जास्त काय करायचं असतं माणसाने? मी ओरडले असते आणि त्यांनी खोटं सांगितलं असतं तर समजलं असतं. मी तर फक्त विचारलं होतं.

आता कुठला पेशंट बाटली घेऊन आला की मी आधी त्याचं तोंड बघणार. माझी ही अशी दशा करून ठेवली काकांनी.

१० एप्रिल

सर्जन म्हणाले, गुडघ्याखाली कापायला हवा, उद्याच. नाहीतर विष वर चढेल आणि माणूस हातचा जाईल. काका शुद्धीवर आहेत आणि सही करत नाहीत. काकू म्हणतात, त्यांची मर्जी.

लिमये डॉक्टरांनी मला बोलावलं. "तुम्ही बोला. तुमच्यासाठी ते हो म्हणतील."

मला जायचं नव्हतं. गेले. काका खाटेवर पडले होते, सलाईन लावलेलं, तोंड काळवंडलेलं. मला बघून हसले. त्या हसण्याने तर माझं डोकंच फिरलं.

"हसू नका काका. बस झालं हसणं. चार महिने मला गोड गोड सांगितलंत. आता एकदा तरी खरं बोला माझ्याशी. एकदा."

काका हसायचे थांबले. मग म्हणाले, "खरं सांगू? पाय नाय काढायचा मला."

"काका..."

"ऐक ना. तूच म्हणालीस खरं बोला. बाळाला बघितलंय मी. खाटेवरनं उतरवून घेताना माझ्या गळ्यात हात टाकायचा नि तोंड फिरवायचा. बोटीवर वादळात न भ्यालेला माणूस. तसा नको मला. खांदा दिला, देव नाचवला, माझं झालं. मथुरेला सांगितलंय मी. ती रडली, पण हो म्हणाली. आता जायचं तर आख्खा जाईन."

एवढं सरळ, एवढं शांत ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. खरंच बोलत होते. मला कळत होतं की हे खरं आहे.

आणि माझ्या डोळ्यांसमोर बाबा आले. मी काकांच्या खाटेवर डोकं टेकलं आणि हुंदके देत म्हटलं, "बाबा गेले, आता तुम्ही पण चाललात. मग मी कुणासाठी केलं हे सगळं? माझ्यासाठी हो म्हणा काका. मला फसवलंत ना? मग एवढं तरी करा. माझ्यासाठी."

 बऱ्याच वेळाने त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला, मग काढून घेतला. "बोलव त्यांना," म्हणाले. "आण कागद."

सही केली. बाहेर आले तर डॉक्टर म्हणाले, "शाबास मृणाली." मथुराकाकू बाकावर बसल्या होत्या. त्यांना सांगितलं, काका तयार झाले. मला वाटलं मिठी मारतील. त्या नुसत्या उठल्या आणि आत गेल्या.

११ एप्रिल

ऑपरेशन नीट झालं. जीव वाचला.

३० एप्रिल

काका घरी आलेत. साखर आता आटोक्यात आहे, रोज इंजेक्शन, काकू टोचतात. डॉक्टर म्हणतात, आणखी दहा वर्षं बघायला नको. आई दोनदा भेटून आली. मी गेले नाही. मला अजून राग आहे. माझी माफी त्यांनी मागायला हवी की नको? एक शब्द नाही. निरोपसुद्धा नाही.

पाटी लागली. 'सौ.' की 'कु.' असा घोळ झाला म्हणून रंगवणाऱ्याने नुसतं मृणाली लिहिलंय.

२१ मे

शेवटी आज मीच गेले. मोठेपणा घेतला म्हणा. झालं गेलं विसरून जाऊ, असं म्हणायचं ठरवून गेले. आंब्याची पाटी उतरली होती आमच्याकडे, पण आंबे कसे न्यायचे, म्हणून जास्वंदीची दोन रोपं नेली.

काका ओटीवर बसले होते, धोतराचा एक सोगा खाली दुमडून खोचलेला. तब्येत चांगली सुधारलीय. गालावर मांस आलंय. मी अंगणातून हाक मारली, "काका!"

त्यांनी वर बघितलं. हात जोडले. "या मॅडम."

मला वाटलं थट्टा करताहेत. हसले मी. ते हसले नाहीत.

"बरं वाटतंय ना आता?"

"छान वाटतंय. औषधं वेळेवर घेतंय. भात मोजून. तुमचे उपकार झाले."

कधी 'तुमचे' म्हटलं नव्हतं मला. पाळण्यात होते तेव्हापासून 'गो'. मी ओटीच्या कडेला बसायला गेले, लहानपणापासून बसते तशी, तर म्हणाले, "तिथं नको. मथुरे, मॅडमना खुर्ची दे."

मथुराकाकूंनी आतून खुर्ची आणली, पदराने पुसली आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. फसवलं त्यांनी, खोटं बोलले ते, जीव वाचवला मी, आणि तोंड फिरवायचं ते ह्यांनी? काय म्हणावं ह्या माणसांना! मी रोपं खाली ठेवली. काकांनी नीट, शिस्तीत, एकेक गोळीचं नाव आणि वेळ मला सांगितली. काहीच खोटं नव्हतं त्यात.

मी खुर्चीत बसून ऐकून घेतलं. चहा आला, बशीत दोन बिस्किटं. पाहुण्यांना देतात तशी.